तीनशे पंचविसावी टिचकी

दिवाळी हा मोजदादीचा सण आहे, असे माझे फार जुने मत आहे. व्यापारी मंडळी लक्ष्मीपूजनाला नवी वही घालतात, गृहिणी चकल्यांचे डबे मोजून वरच्या फळीवर ठेवतात, आणि डब्यातल्या किती कमी झाल्या याची मोजणी दुसऱ्या दिवशी पुन्हा होते. तेव्हा या अंकात एका मोजणीचीच हकीकत सांगितली तर ती अस्थानी ठरू नये. मोजायचा माल आहे पाऊस. मोजणारा आहे पत्त्याच्या पानाहूनही लहान अशा पाटीवरचा एक बोटभर संगणक. आणि त्याला मोजायला शिकवणारी आहे आमची भाची. ती शिक्षणासाठी नागपूरला आमच्याकडे राहते आणि यंदा नववीत आहे.

पाऊस मोजतात कसा, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. "काल अमुक इतके मिलिमीटर पाऊस झाला" हे वर्तमानपत्रात वाचून आपण चहा पितो. वास्तविक कल्पना अगदी साधी आहे. सपाट जमिनीवर पडलेले पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही, वाळले नाही, तर त्याचा थर जितका उंच होईल तितका पाऊस. म्हणून एक ठरावीक तोंडाचे भांडे उघड्यावर ठेवायचे, साठलेले पाणी मोजपात्रात ओतायचे आणि उंची वाचायची. ही युक्ती आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापुढे अरत्निभर रुंद तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजण्याची व्यवस्था सांगितलेली आहे, आणि कोणत्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पडतो याचा हिशेबही दिला आहे. आपले हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे साधे पर्जन्यमापक म्हणजे याच कुंडाचा सुधारलेला नातू. रोज सकाळी साडेआठ वाजता माणूस जातो, पाणी मोजतो, आकडा लिहितो. मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या एका आकड्यात आला.

आला खरा, पण त्यात काय आले नाही, ते नागपूरकरांना २३ सप्टेंबर २०२३ रोजी कळले. गणपतीचे दिवस होते. आदल्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचे जेवण झाले होते आणि दमलेल्या बायामाणसांना गाढ झोप लागली होती. मध्यरात्रीनंतर जो पाऊस लागला, तो पहाटेपर्यंत काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर गेला. अंबाझरी तलाव भरून वाहिला, एरवी बापडी वाटणारी नाग नदी रस्त्यांवर आली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट या भागांत घरांमध्ये पाणी शिरले, मोरभवनचे बसस्थानक बुडाले, माणसे दगावली. आता असे पाहा, शंभर मिलिमीटर पाऊस दिवसभर सारखा पडत राहिला, तर तासाला चार मिलिमीटरच्या आसपास होतो. त्याला आपण "झड लागली" म्हणतो आणि भजी तळायला घेतो. तोच पाऊस दोन-तीन तासांत कोसळला की नावा काढाव्या लागतात. सकाळी साडेआठच्या भांड्यात मात्र दोन्ही दिवशी पाण्याची उंची एकच! किती पडला याच्याइतकेच केव्हा पडला याला महत्त्व आहे, आणि भांडे तेवढेच सांगत नाही.

ही उणीव माणसाच्या लक्षात येऊनही साडेतीनशे वर्षे उलटून गेली. लंडनचे सेंट पॉल मंदिर बांधणारा ख्रिस्तोफर रेन याने १६६२ च्या सुमारास एक गमतीचे यंत्र योजले. नसराळ्यातून येणारे पाणी एका डुलत्या बादलीत पडायचे. बादली भरली की कलंडायची, रिकामी व्हायची आणि पुन्हा भरायला लागायची. पुढे त्याचा मित्र रॉबर्ट हुक याने असे हवामानयंत्र केले की बादली कलंडली की कागदाच्या पट्टीला भोक पडावे. भोके मोजा, पाऊस कळला. भोकांमधले अंतर पाहा, जोर कळला. हल्लीच्या बहुतेक स्वयंचलित पर्जन्यमापकांत हीच डुलती बादली आहे. फक्त दोन कप्प्यांची, लहान मुलांच्या सी-सॉसारखी आसावर तोललेली: एक कप्पा भरून खाली गेला की दुसरा नसराळ्याखाली येतो. कागदाला भोक पाडण्याऐवजी ती विजेची एक टिचकी मारते. शास्त्रीय पुस्तकांत तिला स्पंद म्हणतात. मला टिचकी हा शब्द बरा वाटतो, कारण तिचा आवाज खरोखरच तसा येतो.

आमच्या घरात ही बादली कशी आली, ते आता सांगतो.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान शेती करतात. गाव विदर्भातलेच, तालुका सांगत नाही, कारण सांगून त्यांचा फायदा नाही. कापूस, सोयाबीन आणि थोडी संत्र्याची झाडे. आपल्या राज्यात अतिवृष्टीच्या मदतीचा एक निकष आहे: महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस नोंदला गेला पाहिजे. अर्थात तेवढ्याने पैसे मिळत नाहीत. पंचनामा व्हावा लागतो, पिकाचे ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान दिसावे लागते. पण पहिला उंबरठा ६५ चा. मंडळामंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसवण्याची 'महावेध' ही योजना आल्यापासून राज्यात दोन हजारांहून अधिक ठिकाणी असे आकडे आपोआप गोळा होतात. पूर्वीच्या मानाने ही फार मोठी सोय आहे, यात शंका नाही. तथापि एका मंडळात गावे पुष्कळ आणि यंत्र एक. आणि पावसाचा स्वभाव असा की बैलाच्या एका शिंगावर पडेल, दुसऱ्यावर पडणार नाही.

मागे एका वर्षी त्यांचे वावर पाण्याखाली गेले आणि आकडा ६५ च्या किंचित अलीकडे थांबला. ते नागपूरला आले तेव्हा ओसरीवर बसून म्हणाले, "दादा, वावरात गुडघाभर पानी होतं, अन् कागदावर चौसष्ट! एका मिलिमीटरनं काय बिघडलं असतं जी त्या यंत्राचं?"

मी म्हटले, "जावईबुवा, यंत्र काय करणार? जेवढ्या टिचक्या आल्या तेवढ्या त्याने मोजल्या."

"मंग बराबर मोजल्या का नाही, हे कोन पाहाते?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. भाची दारात उभी राहून ऐकत होती. तिने काही न बोलता वहीत आकडेमोड केली आणि थोड्या वेळाने बापाला म्हणाली, "बाबा, एका टिचकीला शून्य दशांश दोन मिलिमीटर धरलं तर पासष्ट म्हणजे तीनशे पंचवीस टिचक्या. तीनशे चोवीस झाल्या तर चौसष्ट दशांश आठ." जावईबुवांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिले. एका टिचकीची किंमत त्यांना त्या दिवशी प्रथम कळली. आणि ती टिचकी मोजणारे यंत्र आपण स्वतः करून पाहायचे, असे पोरीने ठरवले.

सामान काही फार लागले नाही. सोळा सेंटिमीटर व्यासाचे प्लास्टिकचे नसराळे घेतले. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ भरते २०१ चौरस सेंटिमीटर, म्हणजे हवामान खात्याच्या २०० चौरस सेंटिमीटरच्या मापकाशी जवळजवळ बरोबरी. ०.२ मिलिमीटर पावसाचे त्यात पाणी होते चार मिलिलिटर. बादली पातळ प्लास्टिकची कापून चिकटवली, खाली दोन स्क्रू बसवले आणि इंजेक्शनच्या पिचकारीने बरोबर चार मिलिलिटर घातले की कलंडेल असे स्क्रू फिरवून जमवले. बादलीला एक चिमुकला लोहचुंबक डकवला. शेजारी काचेची बारीक नळी. तिच्यात धातूच्या दोन जिभा असतात, चुंबक समोरून गेला की क्षणभर एकमेकींना चिकटतात. तीच आपली टिचकी. सगळ्यांचा मेंदू म्हणजे आर्डुइनो नावाची पाटी, जी बर्डीवरच्या दुकानातून आणली. ही पाटी २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी विद्यार्थ्यांसाठी निघाली आणि तिचा आराखडा कर्त्यांनी सर्वांना खुला ठेवला, म्हणून ती आज शाळकरी पोरांच्या खिशाला परवडते.

आता या मेंदूला सांगायचे कसे? मी समजत होतो की संगणकाला आज्ञा द्यायच्या म्हणजे महिरपी कंस, अर्धविराम आणि इंग्रजी शब्दांचे कडबोळे. भाचीने दाखवला तो प्रकार निराळाच. पडद्यावर रंगीत ठोकळे. एकावर लिहिलेले "सतत करत राहा", दुसऱ्यावर "जर अमुक, तर", तिसऱ्यावर "मोजणी १ ने वाढव". ठोकळ्यांना खाचा असतात. जो ज्यात बसायचा तोच बसतो. लहानपणी आपण चित्राचे तुकडे जुळवत असू, तसे जुळवत गेले की कार्यक्रम तयार! अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ साली 'स्क्रॅच' या नावाने मुलांपुढे हा मांडला आणि मग त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. काही थेट अशा पाट्यांवर चालतात. मोठ्यांच्या प्रयोगशाळांत याचा थोरला भाऊ आहे. 'लॅबव्ह्यू' नावाच्या त्या पद्धतीत १९८६ पासून चित्रांच्या चौकटी तारांनी जोडून मोजमापाची यंत्रे चालवतात. हा खेळ आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी पुढची हकीकत वाचावी. ठोकळ्यांमुळे शब्दलेखनाच्या चुका होत नाहीत हे खरे. विचारांच्या चुका मात्र तिथे छान रंगीत दिसतात, एवढाच फरक.

पहिल्या रात्री आकाश निरभ्र, नसराळे कोरडे, बादली स्तब्ध, आणि पडद्यावर मोजणी वाढते आहे! आमच्या सौभाग्यवतींनी पंखा बंद करायला हात पुढे केला की आणखी जोरात वाढते. कारण असे निघाले की जिभा उघड्या असताना पाटीकडे जाणारी तार कुठेच जोडलेली नव्हती. अशी लोंबकळती तार घरातल्या विजेचा गुणगुणाट पकडते आणि पाटीला तीच टिचकी वाटते. दहा हजार ओहमचा एक रोध लावून त्या तारेला ठाम जागी बांधले, तेव्हा भुताटकी थांबली.

मग खरी परीक्षा. ओळखीच्या कंपाउंडरकडून सलाईनची नळी आणली, एक लिटर पाणी उंच टांगले आणि नळीची चाकी फिरवून नसराळ्यात थेंब सोडले. एक हजार भागिले चार, म्हणजे टिचक्या २५० यायला हव्यात. मला कामाला बसवले होते: बादली कलंडली की कागदावर रेघ, चार उभ्या, पाचवी आडवी. शेवटी माझ्या रेघा भरल्या २५०. यंत्राचा आकडा सातशेच्या वर!

भाची रडकुंडीला आली नाही, हे मला फार आवडले. तिने कार्यक्रम मोठ्याने वाचला: "सतत करत राहा, जर जिभा चिकटलेल्या असतील, तर मोजणी एकने वाढव." आणि म्हणाली, "मामा, यात चूक काय आहे?"

चूक त्या वाक्यातच आहे, पण ती सापडायला आम्हांला दोन संध्याकाळी लागल्या. पाटी संगणकाला तारेने जोडून असा कार्यक्रम चालवला, तर "सतत" चा अर्थ सेकंदाला सुमारे तीस फेऱ्या. जिभा चिकटून राहतात सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात यंत्र तीनदा येऊन पाहते, तिन्ही वेळा त्या चिकटलेल्याच दिसतात आणि एकाचे तीन होतात. तोच कार्यक्रम पाटीत भरून तिला स्वतंत्र सोडले, तर ती सेकंदाला हजारो वेळा पाहते. मग एकाचे शेकडो. एस.टी.चा कंडक्टर गाडीत बसलेली माणसे दर मिनिटाला मोजून बेरीज करत सुटला, तर पुलगावला पोहोचेपर्यंत त्याच्या गाडीत अर्धा जिल्हा बसलेला असेल! तो तसे करत नाही. पायरीवर पाऊल पडले की एक. मोजायची ती बसलेली अवस्था नव्हे, चढण्याची घटना. तेव्हा यंत्राला आधीची स्थिती लक्षात ठेवायला सांगायची: मघाशी उघडे होते आणि आता चिकटले, तरच एक. मघाशीही चिकटलेलेच होते, तर गप्प. पडद्यावर यासाठी एकच जास्तीचा ठोकळा लागला, "आधीचे" या नावाचा.

या दुरुस्तीनंतर आकडा आला २६२. हे बारा कुठले? तर जिभा चिकटताना एकदम चिकटत नाहीत. फरशीवर रुपया टाकला तर तो आडवा होण्यापूर्वी चार उड्या मारतो, तशा त्या हजारांश सेकंदात दोन-तीनदा थरथरतात, आणि पाटीची नजर इतकी तीक्ष्ण की तिला कधी कधी त्याही दिसतात. उपाय सोपा: एक टिचकी ऐकल्यावर सेकंदाचा विसावा भाग कान बंद. धो धो पावसातही दोन टिचक्यांत काही सेकंद जातात. तासाला १२० मिलिमीटरचा जलप्रलय धरला तरी टिचकी येईल सहा सेकंदांनी. तेव्हा एवढ्याशा बहिरेपणाने नुकसान नाही. आकडा आला २५०, आणि घरात पेढे वाटावेत असा आनंद झाला.

तो दोन दिवस टिकला. पोरीने पाटीला आणखी कामे सांगितली: आकडा छोट्या पडद्यावर दाखव, दोन सेकंद थांब, पुढचे दाखव. थांब म्हटले की पाटी खरोखर थांबते. त्या दोन सेकंदांत बादली कलंडली, तर ते तिच्या गावीही नसते. एक लिटरमागे पन्नासेक टिचक्या बुडाल्या. म्हणजे आधी यंत्र जास्त पाहत होते म्हणून चुकले, आता पाहत नव्हते म्हणून चुकले. यावरची तोड मला सर्वांत आवडली. पाटीच्या दोन पायांना दाराची घंटा म्हणता येईल अशी सोय असते. हातात कुठलेही काम असो, घंटा वाजली की ते तसेच टाकून पाटी दाराशी येते, मोजणीत एक मिळवते आणि परत जाऊन काम पुढे चालू करते. त्याचाही एक ठोकळा आहे.

पण या सगळ्यांहून जीवघेणा दोष अजून दडलेला होता.

खेड्यात वीज जाते. वीज गेली की पाटीची चालती आठवण पुसली जाते आणि रात्रभराचा पाऊस शून्य. म्हणून प्रत्येक टिचकीनंतर आकडा कायमच्या आठवणीच्या घरात लिहायचा, असे भाचीने ठरवले. पाटीत अशी १०२४ घरे असतात. एकेक घर सुमारे लाख वेळा लिहिता येते, मग ते खराब होऊ शकते. नागपूरकडे वर्षाचा पाऊस साधारण हजार मिलिमीटरच्या वर असतो. हजार धरला तर पाच हजार टिचक्या, म्हणजे एक घर वीस वर्षे पुरते. हा हिशेब तिने स्वतः केला आणि मी पाठ थोपटली. मग मोठी परीक्षा घेतली: ३२५ टिचक्या होतील इतके पाणी, एक लिटर आणि वर तीनशे मिलिलिटर. मध्ये मुद्दाम वीज काढली, पुन्हा लावली. पाणी संपले. पडद्यावर आकडा: ६९. पाऊस: १३.८ मिलिमीटर.

तीनशे पंचवीसचे एकोणसत्तर! चार-दोनचा फरक असता तर बोट दाखवता आले असते; हा कसला फरक? भाचीने २५६ ही संख्या कागदावर लिहिली आणि वजाबाकी करून दाखवली: ३२५ वजा २५६ बरोबर ६९. त्या आठवणीच्या एका घरात आठच खाने असतात, प्रत्येकात शून्य किंवा एक. आठ खान्यांत ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. २५६ वी टिचकी आली की घर पुन्हा शून्यावर, जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९,९९९ नंतर शून्यावर येई तसा. म्हणजे हे यंत्र ५१ मिलिमीटरपर्यंत अगदी बिनचूक, आणि त्यापुढे खुशाल खोटे. भुरभुर पावसात, हलक्या सरीत, साध्या झडीत ते कधीच चुकले नसते. त्यावर आपला विश्वास बसला असता. आणि ज्या रात्री वावर बुडेल, नेमक्या त्या रात्री ते तेरा मिलिमीटर सांगून मोकळे झाले असते. ६५ चा उंबरठा त्याला कधीच ओलांडता आला नसता. २०२३ च्या त्या रात्रीचे शंभर मिलिमीटर, म्हणजे ५०० टिचक्या, त्याने २४४ म्हणून सांगितल्या असत्या, ४८.८ मिलिमीटर. दिसायला किती सभ्य आकडा!

दोन घरे मिळून एक आकडा ठेवायचा, म्हणजे ६५,५३५ पर्यंत सोय होते, असा त्यावर उपाय. तो पंधरा मिनिटांत झाला. शोधायला लागली ती मोठी परीक्षा, आणि ती घ्यायची बुद्धी. सरकारी किंवा कंपन्यांच्या यंत्रांत असे बाळबोध दोष असतात, असे माझे म्हणणे नाही. ती तज्ज्ञांनी तपासलेली असतात. पण जावईबुवांचा ओसरीवरचा प्रश्न, "बराबर मोजल्या का नाही, हे कोन पाहाते?", मला तेव्हा जितका भाबडा वाटला होता तितका आता वाटत नाही. आपल्या घरच्या विजेच्या मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो. अनेक मीटरांवर छापलेले असते, एका युनिटला ३२०० लुकलुकाट. तिथेही टिचक्याच मोजल्या जातात. वाचकांपैकी किती जणांनी त्या दिव्यासमोर घड्याळ घेऊन दहा मिनिटे काढली आहेत?

शेवटी पाटीला एक घड्याळाची चिप आणि तिला नाण्याएवढी बॅटरी जोडली, म्हणजे प्रत्येक टिचकी आपली वेळ घेऊन नोंदली जाईल. जूनच्या आरंभी यंत्र वावरात खांबावर बसले. पहिल्याच पंधरवड्यात एका चांगल्या सरीचा आकडा शून्य आला, तेव्हा नसराळ्यात कडुलिंबाचे पान अडकलेले सापडले. त्यावर ठोकळा नाही. जाळी बसवली आणि सोमवारी झाडायचे ठरले. धो धो पावसात अशी बादली किंचित कमी मोजते, कारण ती कलंडत असताना पडणारे पाणी हिशेबाबाहेर जाते. तेही जावईबुवांना सांगून ठेवले. या यंत्राच्या आकड्याला सरकारदरबारी काही किंमत नाही, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. त्यांना फक्त पाहायचे होते.

यंदा एके रात्री पाऊस कोसळला. सकाळी त्यांनी फोन केला तो भाचीला. यंत्रात टिचक्या ३०७, म्हणजे ६१.४ मिलिमीटर, त्यांतल्या दोनशेच्या वर रात्री एक ते तीन या वेळात. सोयाबीन आडवे झाले होते. संध्याकाळपर्यंत मंडळाचा आकडा कळला: ६५ च्या वर!

मी मुद्दाम विचारले, "काय जावईबुवा, आता कोणाची मोजणी बरोबर?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "दादा, पाऊस काही साऱ्याइकडे सारखा नाही ना पडत."

भाचीने वहीत दोन रकाने आखले आहेत, एक वावराचा आणि एक मंडळाचा. दोन्ही आकडे जुळलेले दिवस फार थोडे आहेत. कधी हा वर, कधी तो. तिला आता मधल्या गावच्या शाळेच्या गच्चीवर तिसरे नसराळे हवे आहे. मी पुन्हा सलाईनची नळी आणायला कंपाउंडरकडे जाणार आहे.